व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, भांड्यांच्या दुकानातून

आधी निकाल सांगते, कारणं मागून येतीलच. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आमच्यासारख्या दुकानानं घ्यावं का? घ्यावं. पण नवीन गिऱ्हाईक मिळेल या आशेनं घेऊ नये. जुनं गिऱ्हाईक हातचं जाऊ न देणं एवढंच त्याचं काम, आणि ते काम ते चोख करतं. बाकी कार्यशाळांमधून 'डिजिटल क्रांती' म्हणून जे सांगतात ते ऐकायला जरूर जावं, चहा-बिस्किटं चांगली असतात.

दुकान कऱ्हाडात, भांड्यांचं. स्टील जास्त, मग पितळ-तांबं, थोडं कासं, जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली, कुकर, आणि लोक मागतात म्हणून मिक्सर. सासऱ्यांनी चालू केलेलं. त्यांना घरात आणि पेठेत सगळे अण्णाच म्हणतात. आता गल्ल्यावर मी बसते, मालाचं यजमान बघतात, आणि अण्णा दुपारी येऊन दोघांच्या चुका काढतात. गिऱ्हाईक म्हणजे आसपासची गावं, पाटण खोरं, आणि त्याच गावांतून माथाडीच्या कामाला, नोकरीला मुंबईला गेलेली घरं. ही मुंबईची घरं आमच्या धंद्यात फार मोलाची. लग्न गावाला होतं, भांडी गावाकडच्याच दुकानातून घ्यायची असतात, आणि पसंती मात्र कोपरखैरण्यात बसून करायची असते.

हे ॲप आपल्या नेहमीच्या व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा वेगळं. 2018 च्या जानेवारीत आलं. चिन्ह तसंच हिरवं, फक्त आत फोनऐवजी 'बी' अक्षर. फुकट आहे. बँका आणि मोठ्या कंपन्या मेसेजमागे पैसे मोजून वापरतात ते निराळं, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

उतरवून घेतल्यावर पहिला प्रश्न नंबरचा, आणि इथेच बहुतेक दुकानदार मुलाचा नाहीतर स्वतःचा मोबाईल नंबर देऊन मोकळे होतात. आमच्या दुकानाचा टेलिफोन नंबर अण्णांच्या काळापासून एकच. पाटीवर तो, पिशवीवर तो, दरवर्षीच्या कॅलेंडरवर तो. म्हणजे लोकांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला. या ॲपला लँडलाइनचा नंबर चालतो, हे पेठेत फार जणांना ठाऊकच नाही. नंबर टाकताना एसटीडी कोडचा पुढचा शून्य गाळायचा. एसएमएस पाठवतो म्हणून ते सांगतं, पण टेबलावरच्या फोनला एसएमएस कुठून येणार? तेवढा वेळ जाऊ द्यायचा, मग कॉल करण्याचा पर्याय उघडतो. तो दाबला की गल्ल्यावरचा फोन वाजतो आणि सहा आकडी कोड वाचून दाखवला जातो. कागद-पेन हाताशी ठेवा, आणि त्या वेळी दुसऱ्या कुणाला फोन उचलू देऊ नका. आमच्याकडे पहिल्या खेपेला अण्णांनी उचलला आणि "दुकान चालू आहे, या" म्हणून ठेवून दिला.

त्या एका गोष्टीचा फायदा मी कशातच मोजू शकत नाही. नंबर बदलल्याचं कुणाला सांगावं लागलं नाही. ज्यांच्या फोनमध्ये आमचा नंबर 'भांडीवाले कऱ्हाड' म्हणून आधीच होता त्यांना एके दिवशी त्या नावापुढे आमच्या दुकानाचा फोटो दिसायला लागला. ॲप उघडं राहतं ते माझ्या मोबाईलवर. शिवाय चार उपकरणं आणखी जोडता येतात, म्हणून गल्ल्याच्या कॉम्प्युटरवर आणि यजमानांच्या फोनवरही तेच चालतं. मुख्य फोन बंद असला तरी त्यांचं काम अडत नाही, फक्त तो चौदा दिवसांहून जास्त बंद ठेवायचा नाही.

आता कॅटलॉग. 2019 च्या अखेरीस ही सोय आली. पाचशे वस्तू लावता येतात, प्रत्येकीचे दहापर्यंत फोटो, खाली वर्णन, किंमत, कोड. वाचायला सोपं वाटतं. स्टीलच्या डब्याचा फोटो काढून बघा मग. डब्यावर डबा दिसतच नाही. तुमचं नाक दिसतं, वरची ट्यूबलाइट दिसते, समोरच्या मेडिकलची पाटी उलटी दिसते. आमच्या भाच्यानं पहिले फोटो काढले त्यात प्रत्येक पातेल्यावर तोच उभा. यावर इलाज असा निघाला की सकाळी शटर उघडल्यावर, ऊन अंगावर यायच्या आधी, पायरीवर पांढरी चादर पसरायची, तीच मागे उभी धरायची, आणि चादरीला छोटं भोक पाडून त्यातून मोबाईलचा कॅमेरा काढायचा. स्टीलमध्ये मग सगळीकडे पांढरंच दिसतं आणि भांड्याची कड नीट उठते. पितळेला हे नको. पितळेला थोडं ऊन हवंच, नाहीतर ते शेणकट दिसतं.

किंमत टाकायची की नाही, यावर घरात वाद झाला. यजमान म्हणाले टाकावी, लोकांना रोख बोलणं आवडतं. पण पितळ आणि तांबं वजनावर जातं आणि भाव हलता. आज लिहिलेली किंमत पुढच्या आठवड्यात आपल्याच गळ्याशी येते. ॲपमध्ये किंमत रिकामी सोडता येते. म्हणून स्टीलच्या ठरलेल्या वस्तूंना किंमत, आणि पितळ-तांब्याला फक्त वजन, असं केलं. मग दिवसभर 'प्राइस प्लीज' येत राहतं. येऊ दे. त्या दोन शब्दांपासूनच बोलणं सुरू होतं, आणि बोलणं सुरू झालं की निम्मं काम झालं.

वजनाबद्दल जरा जास्त सांगते, कारण फोनवर भांडी विकण्यातली खरी गोम तीच आहे. फोटोत गेज, म्हणजे पत्र्याची जाडी, दिसत नाही. पाच किलो पिठाचे दोन डबे शेजारी ठेवा, फोटोत जुळे. हातात घेतले की एक भरदार आणि दुसरा अंगठ्यानं दाबला तर आत जातो. हाताला जे कळतं ते फोनवर सांगायचा एकच मार्ग, वजन. म्हणून आमच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक डब्याखाली, पातेल्याखाली, परातीखाली ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं आहे. झाकणासकट किती आणि झाकणाशिवाय किती, तेही. हल्ली लोक ॲमेझॉनचा नाहीतर मीशोचा स्क्रीनशॉट पाठवतात, "ताई, हाच डबा इथे एवढ्याला आहे." मी भाव कमी करत नाही आणि वादही घालत नाही. एवढंच लिहिते, "वजन बघा आणि कळवा." काहीजण बघतात आणि आमच्याकडे येतात. काहीजण बघतात आणि तिकडूनच घेतात, कारण त्यांना हलकाच हवा असतो. दोन्ही बरोबर. मुलगा होस्टेलला निघाला असेल तर कशाला भरदार डबा?

चुंबकाचंही तसंच. व्हिडिओ बघून लोक चुंबक घेऊन येतात आणि चिकटला नाही म्हणजे उत्तम स्टील असं ठरवतात. स्टीलच्या 202 आणि 304 या दोन्ही जातींना चुंबक सहसा चिकटत नाही, आणि दोन्हींच्या भावात बराच फरक आहे. हे मी पूर्वी दिवसातून कितीदा तरी तोंडानं सांगत असे. आता ॲपच्या झटपट उत्तरांमध्ये ते लिहून ठेवलंय. तिरकी रेघ मारून 'चुंबक' टाइप केलं की सगळा मजकूर जातो. अशी पन्नास उत्तरं साठवता येतात. माझी त्यातली जास्तीत जास्त वापरली जाणारी तीन म्हणजे चुंबक, काशाला आंबट का चालत नाही, आणि दुकानाचा पत्ता. पत्त्यात मी 'स्टँडवरून चालत' एवढंही घातलंय, कारण रिक्षावाल्याला काय सांगायचं हा पुढचा प्रश्न ठरलेला.

लग्नाची खरेदी मात्र पुरती बदलून गेली. पूर्वी मुलीचे आई-वडील, मामा, आत्या, एखादी शेजारीण, अशी सात-आठ माणसं यायची. हंडा-कळशी, घागर, समई, ताटं-वाट्या, परात, डब्यांचा सेट, सगळं मांडायचं, उचलायचं, परत मांडायचं. रुखवतात काय मांडायचं यावर आत्या आणि मामी यांचं वाजायचं ते आमच्या देखत. आता ते वाजणं घरीच उरकतं, कॅटलॉगवरून, त्यांच्या घरच्या ग्रुपवर. आमच्याकडे येतो तो खुणा केलेला स्क्रीनशॉट. दुकानात दोनच माणसं येतात आणि येताना ठरवून येतात. पूर्वी गादीवर बसून बोलता बोलता यादीत चार वस्तू वाढायच्या, त्या आता वाढत नाहीत. याचा तोटा आम्हाला झाला, हे सांगितलंच पाहिजे. फायदा असा की एका मुहूर्ताच्या आठवड्यात पूर्वी जेवढी लग्नं सांभाळता यायची त्याच्यापेक्षा जास्त सांभाळता येतात, आणि मालाची मांडामांड निम्मी झाली.

आई दुकानात, मुलगी मुंबईत आणि मध्ये व्हिडिओ कॉल, हा प्रकार तर रोजचा. "आई, त्याच्या शेजारी तुझा हात ठेव म्हणजे कळेल केवढी आहे." आई हात ठेवते. "बांगड्या वर कर, दिसत नाही." यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती लिहून ठेवण्यासारखी आहे. काशाची वाटी घेताना लोक ती बोटावर धरून टिचकी मारतात आणि नाद ऐकतात. चांगलं कासं बराच वेळ गुंजत राहतं. कॉलवर हा नाद पलीकडे पोचतच नाही. फोन माणसाचा आवाज तेवढा धरतो आणि बाकीचं गोंगाट समजून दाबून टाकतो. पलीकडे नुसतं 'टक्' ऐकू येतं आणि मुलगी म्हणते, "हे कासं नाहीच आहे आई, फसवतायत." म्हणून आम्ही कॉल ठेवायला सांगतो, वाटी वाजवतानाचा छोटा व्हिडिओ रेकॉर्ड करतो आणि तो पाठवतो. त्यात नाद शाबूत राहतो. काशाची मागणी आली की मी आधी व्हिडिओच धाडते, फोटो नंतर.

पण ॲपचं सोनं होतं ते संक्रांतीला. मकरसंक्रांत ते रथसप्तमी, हळदी-कुंकवाच्या वाणाचे दिवस. भिशीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या बाईंचा ग्रुप, सगळ्यांना लहान वस्तू मोठ्या संख्येनं हव्या असतात. वाट्या, चमचे, गाळणी, छोटे डबे, आणि त्यावर नाव. पूर्वी त्यातली एखादी बाई दुकानात येऊन नमुना घेऊन जायची, दारोदार दाखवायची, परत यायची. आता मी एक फोटो पाठवते आणि संध्याकाळपर्यंत आकडा येतो. खालचं लेबल 'नवीन ऑर्डर' वरून 'पैसे बाकी' वर सरकवायचं, पैसे आले की 'पैसे मिळाले'. ही लेबलं ॲपमध्ये रंगीत येतात, आणि त्या दिवसांत मी दुसरी वहीच उघडत नाही. नाव घालण्याचा मजकूर मात्र देवनागरीतच पाठवा असा नियम केलाय. रोमन अक्षरांतून आलेलं नाव आमचा नाव घालणारा कारागीर त्याला वाटेल तसं वाचतो, आणि स्टीलवर मशीननं कोरलेलं पुसता येत नाही. मेसेज लेखी असल्यामुळे 'मी असं सांगितलंच नव्हतं' हा तंटाही संपला. पूर्वी चिठ्ठी हरवायची आणि दोष दुकानाचा.

आता मर्यादा. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांना जातच नाही, आणि जात नाही हे आपल्याला कळतही नाही. कार्यशाळेतले साहेब हजारो लोकांपर्यंत पोचा म्हणतात ते कुठून, मला समजलेलं नाही. मला विचाराल तर ही अट आपल्या भल्याचीच. ज्यानं नंबर साठवलाय तो आपला माणूस. ज्यानं नाही साठवला त्याला मेसेज गेला असता तरी त्यानं शिव्याच दिल्या असत्या, आणि दोन-चार जणांनी तक्रार नोंदवली की नंबर बंद पडण्याची भीती निराळीच. त्यापेक्षा स्टेटस बरं. चोवीस तास राहतं, ज्याला बघायचं तो बघतो. आमच्याकडे स्टेटसवरून सर्वांत जास्त विचारणा कशाला होते? नव्या मालाला नाही. मोडीच्या भावाला. जुनं पितळ आज काय भावानं घेताय, हे टाकलं की माळ्यावरचे हंडे खाली उतरतात.

इन्स्टाग्रामचं थोडक्यात उरकते. भाच्यानं तांब्याच्या बंबावर रील केलं, धूर काढून, मागे सनईचं म्युझिक लावून. बघितलं चिक्कार लोकांनी. कुठल्या कुठल्या राज्यांतून कॉमेंट आल्या. बंब तिथेच आहे. रील चाललं, माल जागचा हलला नाही. याचा अर्थ इन्स्टाग्राम वाईट असा नाही. पुण्याच्या तांबट आळीतली मठारकाम केलेली तांब्याची भांडी लांबलांबचे लोक फोटो बघून मागवतात, कारण ती वस्तू इतरत्र मिळत नाही. आमची स्टीलची परात बिहारमधल्या माणसानं कऱ्हाडाहून का मागवावी? तुमच्याकडे दुसऱ्याकडे नाही असं काही असेल तरच त्या वाटेला जा.

पैसे घेण्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. यूपीआय 2016 मध्ये आलं, त्याच वर्षी जिओ आलं, आणि पाटण खोऱ्यातली आजी सुद्धा नातवाला "स्कॅन कर रे" म्हणायला लागली. 2020 पासून दुकानदाराला त्यावर कमिशन पडत नाही, ही खरी मेहेरबानी. लग्नाचं बिल लाखाच्या वर गेलं तर एका वेळी जात नाही, दोन भाऊ दोन फोन काढतात. पैसे मिळाल्याचं मराठीतून बोलून दाखवणारा स्पीकर घ्याच. गर्दीत पैसे दिल्याचा खोटा स्क्रीनशॉट नाचवून कुकर घेऊन जाणारा एक महाभाग आम्हाला भेटलाय. डबी बोलल्याशिवाय पिशवी सुटत नाही, हा नियम तेव्हापासून.

व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआय झालं, आता तिसरी गोष्ट, जिच्यावर आमचे खरे पैसे जातात. क्लाउडवरचं बिलिंग. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पेठेत इतरांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत आणि रडगाणं सगळ्यांचं सारखंच आहे. यातलं चांगलं आधी. 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि भांड्यांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा आम्ही वह्या घेऊन बसलो होतो, ते अण्णांना अजून आठवतं. या वेळी सकाळी दुकान उघडलं तर बिलावर 5 टक्के आपोआप आलेले होते. मिक्सरला 18 होता तो 18 च राहिला, तोही बरोबर. कर सल्लागारांना त्यांच्या ऑफिसातून आमची बिलं दिसतात, त्यामुळे दर महिन्याला फाईल घेऊन धावणं बंद. हे खरंच सुख आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगला मात्र बिलिंगशी काही देणंघेणं नाही. तिथल्या किमती मी हातानं बदलत बसले, आणि त्या दिवशी प्रत्येक दुसरा मेसेज "कर कमी झाला ना, मग आता कितीला?" हाच.

वाईट सुरू होतं मोडीपासून. भांड्यांच्या दुकानात अर्धा व्यवहार असा असतो: जुनी घागर आली, वजन केलं, त्यात घट धरली, मोडीच्या भावानं रक्कम काढली, नवीन घागरीचं वजन, भाव आणि घडणावळ यातून ती वजा केली, राहिलेले पैसे घेतले. अण्णा हे कागदाच्या कपट्यावर एका दमात करतात. आमच्या सॉफ्टवेअरला घागर म्हणजे साबणाची वडी, एक नग आणि एक किंमत. मोड दाखवायची तर वेगळी खरेदी नोंदवा, ती मग बिलाशी जोडा, घट कुठे लिहायची तर 'शेरा' मध्ये. मदत केंद्राला फोन केला की पलीकडचा मुलगा फार आदबीनं विचारतो, "मॅडम, तुम्ही डिस्काउंट म्हणून टाकू शकता का?" जुनी घागर डिस्काउंट कशी होईल बाबा? शेवटी मोडीचा हिशेब आम्ही अजून कपट्यावरच करतो आणि आकडा तेवढा आत घालतो.

त्याहून मोठी गोष्ट धनत्रयोदशीची. आमचा वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवस. चमचा का होईना, नवं भांडं घरात न्यायचंच, म्हणून पायरीपर्यंत रांग असते. अशा वेळी संध्याकाळी ऐन मुहूर्तावर पडद्यावर चाक फिरायला लागलं. इंटरनेट चालू, व्हॉट्सअ‍ॅप चालू, डबी बोलतेय, फक्त बिल निघेना. एवढी दुकानं एकाच वेळी त्यांच्या सर्व्हरवर तुटून पडली तर आणखी काय होणार? पण हा दिवस पंचांगात वर्षभर आधी छापलेला असतो. अण्णांनी काही न बोलता गल्ल्याखालून जुनी बिलबुकं आणि कार्बन काढले. चेहऱ्यावरचा आनंद मात्र त्यांना लपवता आला नाही. रात्री ते सगळं परत कॉम्प्युटरवर चढवत बसलो ते वेगळंच.

आणि उधारी. आमच्या सॉफ्टवेअरला एक हौस आहे, तारीख उलटली की गिऱ्हाइकाला आपल्या वतीनं आठवणीचा मेसेज धाडायची. पहिल्यापासून चालूच असते, बंद करायला आत शोधत जावं लागतं. आमचे एक जुने गिऱ्हाईक, बागायतदार माणूस, वर्षानुवर्षं आमच्याकडे नेतात आणि उसाचं बिल आलं की स्वतः येऊन एकरकमी भागवतात. त्यांना यंत्रानं मेसेज केला, लाल अक्षरांत, आमच्या नावानं. ते आले, उभ्या उभ्या पैसे मोजले, आणि अण्णांना म्हणाले, "एवढी नड होती तर निरोप धाडायचा, आलो असतो." पाणी सुद्धा घेतलं नाही. अण्णा दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आले. कोणाला कधी मागायचं, कोणाला मागायचंच नाही, कोणाच्या घरी लग्न निघालंय म्हणून दिवाळीपर्यंत थांबायचं, हे त्या खतावणीत कुठे लिहायची सोय नाही. ती हौस मी कायमची बंद करून टाकली. आता आठवण मी स्वतः देते, व्हॉट्सअ‍ॅपवर, आवाजी मेसेजनं, आणि आधी घरची चौकशी करून.

म्हणून मी म्हणते, फुकटचं ॲप आमच्या कामाला जास्त आलं आणि पैशाचं कमी. फुकटच्या ॲपनं आमच्या धंद्याची रीत बदलायला सांगितली नाही. आम्ही जसं बोलतो तसंच त्यावर बोलतो. पैशाच्या सॉफ्टवेअरनं पहिल्या दिवसापासून आम्हालाच त्याच्या सोयीनं वागायला लावलं, आणि वर्षाचे पैसे भरायला उशीर झाला तर आमच्याच जुन्या बिलांना कुलूप.

व्हॉट्सअ‍ॅपवरही डोळे मिटून विसंबू नका. अँड्रॉइडवर बॅकअप गुगलच्या फुकटच्या 15 जीबीतच मोजला जातो, आणि भांड्यांचे व्हिडिओ ती जागा बघता बघता खातात. मी व्हिडिओ बॅकअपमधून वगळलेत. वाणाच्या आणि लग्नाच्या ऑर्डरी, नाव-नंबरासकट, महिनाअखेरीला वहीत उतरवते. नंबर एखाद्या दिवशी बंद झाला तर निदान कोणाला फोन करायचा ते हाताशी असावं.

किराणा, भांडी, कापड, पूजासाहित्य, ज्यांचं गिऱ्हाईक ओळखीचं आहे त्यांनी हे ॲप आजच घ्यावं, आणि दुकानाचा लँडलाइन असेल तर तो कापायच्या आधी घ्यावं. हायवेवरच्या, रोज नवं तोंड येणाऱ्या दुकानाला त्याचा फारसा उपयोग नाही. बिलिंग सॉफ्टवेअर घेणार असाल तर विकायला आलेल्या मुलाला तुमच्या दुकानातला सगळ्यात किचकट व्यवहार समोर बसून करून दाखवायला सांगा. भांडीवाल्यांनी मोडीचं बिल काढायला लावावं. "ते फीचर पुढच्या अपडेटमध्ये येतंय, मॅडम" असं म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि पुढच्या अपडेटनंतर यायला सांगा.